राधानगरीच्या बॅकवॉटरला स्वतःची कायक न्यायची आहे: परवानगी, वारा, गवे आणि बाकीचं

निळासावळा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस कोल्हापुरातून राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्याकडं जायचं ठरतंय. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले वडील. वडील होडीत बसणार नाहीत, पण दुर्बीणही सोडणार नाहीत. सोबत दोन माणसांची, हवा भरायची कायक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी आहे. कोरी आहे, अजून पाणी लागलेलं नाही. वजन 16 किलो, भार 180 किलोपर्यंत असं खोक्यावर छापलंय. दोघांना पोहता येतं, मुलीला थोडंफार.

लक्ष्मी तलावाच्या, म्हणजे राधानगरी धरणाच्या बॅकवॉटरला कायक सोडता येते का, आणि कुणाला विचारायचं? दिवसाचा कुठला वेळ बरा? पाण्यातून गवे खरंच दिसतात की नुसत्या गप्पा? मुलगी तिसरी म्हणून मध्ये बसली तर चालेल का? आणि वडिलांना काठावर बसून काय बघता येईल? गर्दी, गाणी, स्पीडबोट नको म्हणूनच तिकडं निघालोय.

भोगावतीकाठ

दादा, पाणी एकच दिसत असलं तरी मालक तीन आहेत. हे आधी समजून घ्या, नाहीतर 80 किलोमीटर जाऊन कायक डिकीतच राहायची.

धरण आणि साठा जलसंपदा विभागाचा, म्हणजे आपल्या भाषेत पाटबंधाऱ्याचा. तलावाभोवतीचं जंगल आणि त्याला लागून असलेलं पाणी अभयारण्यात येतं, तिथं वन्यजीव विभागाचा शब्द शेवटचा. मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो. त्यांची परवानगी कागदावर लागत नाही, पण जाळी त्यांची असतात, म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरण्यात शहाणपण नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 सांगतं की अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि कलम 28 मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते आहे: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन वगैरे. गेटवर फाडलेली पावती ही ठरलेल्या रस्त्यानं जाण्याची परवानगी असते. स्वतःची होडी घेऊन कुठल्याही काठाला लागण्याची ती परवानगी नव्हे. लोक इथंच चुकतात. ‘पावती आहे की’ म्हणून होडी सोडतात आणि मग वनरक्षकाशी हुज्जत घालतात. हुज्जतीत होडी जप्त झाली तर दोष कुणाला देणार?

तेव्हा निदान तीन आठवडे आधी दोन अर्ज करा. एक वन्यजीव विभागाकडं, एक पाटबंधाऱ्याकडं. अर्जात लिहायच्या गोष्टी: तारीख आणि वेळ, होडीचा प्रकार (‘बिगर इंजिनची, हवा भरायची, दोन आसनी’ असं स्पष्ट लिहा, कारण ‘बोट’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं मोटर येते), माणसं किती, प्रत्येकाला लाईफ जॅकेट आहे का, पाण्यात कुठून उतरणार आणि कुठवर जाणार. गुगल नकाशाची छापील प्रत जोडून त्यावर पेनानं रेघ मारा. अशी रेघ मारलेला अर्ज लवकर हलतो, कारण साहेबाला कशावर सही करतोय ते दिसतं.

परवानगी आली नाही तर? तर अभयारण्यात कायक सोडायची नाही, विषय संपला. तेवढ्यासाठी सहल मोडायचं कारण नाही. दाजीपूरचं जंगल जीपनं बघा, तलाव काठावरून बघा आणि कायक अभयारण्याबाहेरच्या एखाद्या पाझर तलावात, तिथल्या ग्रामपंचायतीला आणि लघु पाटबंधाऱ्याला विचारून चालवा. कोल्हापूरच्या कळंबा तलावात नको, ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे.

परवानगी मिळाली तरी धरणाची भिंत, सांडवा आणि स्वयंचलित दरवाजे यांच्या आसपास अजिबात जायचं नाही. डिसेंबरात ते सात दरवाजे आपोआप उघडायचा प्रश्न नसतो, पण वीजघराकडं पाणी ओढलं जात असतं आणि ती ओढ पृष्ठभागावर दिसत नाही. भिंतीच्या बाजूनं उतरायचंच नाही. दाजीपूरकडच्या, म्हणजे शेपटीकडच्या भागात काम आहे.

वल्हेकरी

परवानगीचं वर आलंच आहे. मी होडीचं आणि पाण्याचं लिहितो.

पहिल्यांदा तिसऱ्या माणसाचं. 180 किलो हा आकडा ‘इतक्यावर बुडत नाही’ असा असतो, ‘इतक्यावर नीट चालते’ असा नसतो. नीट चालायची तर छापील भाराच्या 65 ते 70 टक्क्यांवर थांबावं. म्हणजे तुमच्या होडीत 120 किलोच्या आसपास. मोठा माणूस आणि मुलगी, अधिक पाच किलोचं सामान, हे गणित बसतं. तिघं बसलात तर कडा पाण्याला टेकतात, मधल्या माणसामुळं वल्हं गुडघ्याला लागतं, आणि लाट आडवी आली की आत पाणी. दोन फेऱ्या करा. एक जण मुलीसोबत पाण्यात, दुसरा काठावर वडिलांसोबत. काठावरच्या माणसाचं लक्ष होडीवर असणं हीसुद्धा सुरक्षाच आहे.

हवा भरणं. कडेच्या दोन नळ्यांचा दाब साधारण 2 ते 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतो. नेमका आकडा व्हॉल्व्हशेजारी कापडावर छापलेला असतो, तो बघा. तळ कडक, धाग्यांनी ओवलेला असेल तर त्याला 8 ते 10 पीएसआय लागतो. हे दोन आकडे उलटसुलट करू नका. सोबतच्या हातपंपानंच भरा. रस्त्यातल्या पंक्चरवाल्याकडून भरून घ्यायचा मोह होतो, पण त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो. 3 पीएसआयची नळी त्यावर डोळ्यांदेखत शिवणीत फाटते.

सकाळी भरलेली होडी पाण्यात टाकल्यावर काही वेळा मऊ लागते. दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा चार-सहा दट्टे मारा. उलटं संकट दुपारी. 20 अंशाला 3 पीएसआयवर भरलेली नळी उन्हात 45 अंशांवर गेली तर दाब चारच्या पुढं जातो. पाण्यात असताना तळाला गारवा असतो म्हणून चालून जातं. काठावर काढून जेवायला बसलात की शिवण सुटते. बाहेर काढताक्षणी प्रत्येक नळीतली थोडी हवा सोडा आणि होडी सावलीत ओढा. नवी होडी फाटायचं नेहमीचं कारण काटा नसतो, उन्हातलं जेवण असतं.

घरून निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण भरून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, व्हॉल्व्हच्या गळ्यापासून सुरुवात करा. निम्म्या वेळा व्हॉल्व्ह नुसता ढिला असतो. खरंच भोक असेल तर जागा ॲसिटोननं पुसून, ठिगळाला आणि होडीला चिकटद्रव्याचे दोन पातळ थर, पहिला वाळल्यावर दुसरा, दुसरा हाताला चिकटेनासा झाला की दाबून बसवा आणि 24 तास हवा भरू नका. काठावर घाईत केलेलं ठिगळ तासाभरात उघडतं, म्हणून हे घरीच.

तळाला मागं बसवायचा पंखा असतो, त्याला कुणी स्केग म्हणतं, कुणी फिन. तो विसरलात तर हवेची होडी गुऱ्हाळाच्या काहिलीसारखी गोल फिरते. पुरात होडी म्हणून काहिलीत बसलेल्यांना सांगायला नको. पण उथळात आणि जाळ्यांच्या पट्ट्यात हाच पंखा अडकतो. उतरताना पाणी गुडघ्याच्या वर येईपर्यंत होडी हातानं ढकलत न्या, मग बसा.

आता वारा. तलावावरचा सगळा खेळ याच्यावर. डिसेंबरात सकाळी पाणी काचेसारखं असतं, काही दिवस धुकंही असतं. सूर्य 7 च्या आसपास उगवतो. धुकं असेल तर समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत उतरू नका. घाई केली तर आपण गोल फिरतोय हेही कळत नाही. साडेसात ते दहा हा तुमचा वेळ. अकरानंतर डोंगर तापतात, वारा उठतो, आणि लांबट तलावात तो लांबीच्या दिशेनं धावतो. जितकं मोकळं पाणी तितकी लाट मोठी, म्हणून तलावाच्या मध्यात नाही, काठाला समांतर चाला. काठापासून 40-50 मीटर पुरे.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीवर घ्यायचा. नवखे बरोबर उलटं करतात, कारण पाठवाऱ्यानं निघालं की होडी आपोआप पळते आणि आपल्याला वल्हवणं जमलंय असं वाटतं. तासाभरानं वळल्यावर खरं कळतं. शांत पाण्यात अशी होडी तासाला 3 ते 4 किलोमीटर चालते. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असेल तर निम्म्यावर येते, वल्हवणं थांबवलं की मागं सरकते. एकूण वेळेचा एक तृतीयांश जाण्यात, एक तृतीयांश येण्यात, उरलेला हाताशी. अडीच तासांतली पन्नास मिनिटं संपली की, समोर धनेश उडत असला तरी, वळायचं. पाण्यावर पांढरा फेस फुटायला लागलेला दिसला तर वेळ न बघता वळायचं.

जाळी. प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की त्या दोन टोकांच्या मध्ये जाळं आहे असं समजा, आणि ओळीच्या बाहेरून वळसा घाला. अडकलात तर वल्हं ओढू नका, हात पाण्यात घालून दोरा शांतपणे सोडवा. कापायचं नाही. ते कुणाचं तरी आठवड्याचं पोट आहे.

दुसरी गोष्ट बुडालेली खोडं. बॅकवॉटरला पाणी हळूहळू उतरत जातं आणि मागच्या वर्षी ज्यावरून गेलात ते खोड यंदा चार बोटं पाण्याखाली असतं. सूर्य समोर असताना ते दिसत नाही. पुढं बसणाऱ्याचं काम वल्हवणं कमी आणि बघणं जास्त. ध्रुवीकृत काचांचा गॉगल असेल तर पाण्यातलं बरंच दिसतं.

उतरायची जागा निवडताना पाण्याकडं नाही, जमिनीकडं बघा. मुरमाड, दगडी उतार चांगला. सपाट, गुळगुळीत, चकचकीत काठ दिसला तर तो गाळ आहे. वरून वाळलेला, भेगाळलेला. पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. मार्च-एप्रिलनंतर हा पट्टा रुंद होत जातो, डिसेंबरात कमी असतो. तरी काठीनं टोचून बघितल्याशिवाय मुलीला पुढं पाठवू नका. रुतलंच कुणी तर पाय उपसायची झटापट न करता मागं बसायचं, वजन पसरवायचं आणि वल्हं आडवं टाकून त्यावर जोर घेत सरपटत बाहेर यायचं.

लाईफ जॅकेट: अंगात घालून सगळे पट्टे आवळा, आणि दुसऱ्यानं खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचे. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते बेकार, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलीला मोठ्याचं जॅकेट घालू नका. वजनाचा आकडा आत शिवलेल्या पट्टीवर असतो. शिट्टी जॅकेटला बांधा, बॅगेत नको.

तांबट

गवे. दिसतात, पण डिसेंबर हा त्यांना पाण्यावर बघायचा सर्वात चांगला महिना नव्हे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, जंगलातल्या झऱ्यांना, डबक्यांना पाणी असतं, त्यांना तलावावर यायची गरज नसते. मार्चनंतर आतलं पाणी आटतं तसे ते काठाला यायला लागतात. डिसेंबरात दिसलेच तर सकाळी उघड्या गवताळ सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट पठारांवर. दाजीपूरच्या गेटमधून आत सावराई सड्याकडं जाणारी वाट त्यासाठी आहे. कच्चा रस्ता, स्थानिक जीप आणि सोबत गाईड घ्या.

जाता जाता: 1958 मध्ये हे ‘दाजीपूर बायसन अभयारण्य’ म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. पण बायसन अमेरिका-युरोपातला. आपला गवा हा गाय-बैलांचा सख्खा भाऊबंद. पुढं 1985 मध्ये हद्द वाढून क्षेत्र 351 चौरस किलोमीटर झालं आणि नाव राधानगरी आलं. पाट्यांवर, बोलण्यात बायसन मात्र अजून चरतोय.

पाण्यावरून गवा दिसला तर काय करायचं ते सांगतो, कारण लोक ‘होडीत आहोत, तो काय करणार’ या भ्रमात पुढं जातात. त्याची नजर बेताची, नाक आणि कान तिखट. वारा त्याच्याकडून तुमच्याकडं येत असेल तरच त्याला बघायला मिळेल. वारा पाठीमागून असेल तर तुम्ही पोचायच्या आत काठ रिकामा. शंभर मीटरवर थांबा, वल्हं मांडीवर आडवं ठेवा. चरता चरता डोकं वर काढून स्थिर झाला, नाकातून फुरफुरला, किंवा अंगाची पूर्ण बाजू दाखवत ताठ उभा राहिला, तर तो ‘बस झालं’ म्हणतोय. हळू मागं सरका. कळप पाणी प्यायला आलेला असताना कधीही त्याच काठाला होडी लावू नका. जंगल आणि कळप यांच्या मध्ये माणूस आला की धावायची वाट तुमच्यावरून असते. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर आहे.

पक्ष्यांबद्दल एक निराशा आधीच सांगून ठेवतो. बदकांचे थवे बघायला राधानगरीला जाऊ नका. धरणाचं पाणी खोल, काठ उभे, आणि बहुतेक बदकांना हवं असतं गुडघाभर पाणी आणि त्यातली वनस्पती. वारकरी, हळदी-कुंकू बदक, टिबुकली, कमळपक्षी हे सगळं कोल्हापुरातच कळंबा किंवा विद्यापीठाशेजारच्या राजाराम तलावाच्या काठावरून जास्त सोपं दिसतं. बॅकवॉटरला बघायचे ते मासेखाऊ आणि काठावरचे. वठलेल्या खोडांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे, एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा कवड्या धीवर, नदी सुरय, राखी बगळा, दगडादगडांवर शेपूट हलवत फिरणारे तुतवार आणि धोबी. आणि जिथं ओढा तलावाला मिळतो तिथं थांबा. अशा तोंडाला पाणी उथळ, गाळाचं, खाणं भरपूर. पाच किलोमीटर वल्हवण्यापेक्षा एका तोंडाशी अर्धा तास गप्प बसलं तर जास्त दिसतं.

काठचं जंगल पाण्यातून बघायला मिळणं हा कायकचा खरा फायदा. उंबर, वड, नांदरुक फळावर असेल तर तिथं नजर ठेवा: हरियाल, तांबट, आणि नशीब असेल तर धनेश. धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो, मोठा धनेश असेल तर त्याच्या पंखांचा घरघरता आवाज शांत पाण्यावर दुरून येतो. शेकरूचं घरटं उंच झाडाच्या टोकाला काड्या-पानांचा मोठा गोळा असतं. पहाटे ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी बेफिकीर शीळ घालतंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. माणूस नव्हे, हाक मारू नका.

काठच्या खडकांवर माशांची खवलं आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे मिसळलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर पाणमांजराचा वावर आहे. तिथं उतरू नका, लांबून थांबा.

जवळ जायची रीत अशी. पक्ष्याच्या रोखानं सरळ जायचं नाही, तो रोख त्याला शिकाऱ्याचा वाटतो. तिरकं, जणू पुढं कुठंतरी निघालोय असं जायचं. वल्ह्याचं पातं खांद्याच्या वर काढायचं नाही, ओलं पातं उन्हात आरशासारखं चमकतं. शेवटचे पन्नास मीटर वल्हवणं बंद, होडी आपल्या वेगानं सरकू द्या. चरणं थांबवून माना ताठ झाल्या की तुमची हद्द आली. उडवून काढलेल्या फोटोत सगळ्या पक्ष्यांची शेपटीच असते.

दुर्बीण 8×42 घ्या. 10 पटीची होडीत डोलते, चित्र ठरत नाही. कपडे मळकट रंगाचे चालतील, लाईफ जॅकेट मात्र भडकच ठेवा. जॅकेटला घाबरून पक्षी उडत नाहीत, हालचालीनं उडतात.

फेब्रुवारी ते मे मध्ये कुणी जाणार असेल तर एक अट. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी बेटं आणि खडीचे पट्टे यांवर पाऊल ठेवू नका. टिटवी आणि नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात, आणि आई उठली की उन्हानं दहा-पंधरा मिनिटांत वाया जातात.

रंकाळवेस

भावा, सगळं बरोबर सांगितलंय मंडळींनी, रस्त्याचं कुणी बोलंना. डिसेंबर म्हंजे ऊसाचा हंगाम. हळदी-परिते पट्ट्यात पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, निम्म्यांना मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. वर ऊस रस्त्यावर लोंबतोय. 7 ला पाण्यावर पोचायचं म्हणून साडेचारला घर सोडू नका. आदल्या दिवशी दुपारी जाऊन राधानगरीत नाहीतर दाजीपुरात मुक्काम करा. गाडीच्या टपावर होडी भरलेली न्यायची तर अजिबात नको, वाऱ्यानं उडती. गुंडाळून डिकीत.

आणि पाणी, खाणं इथनंच न्या. भडंग घ्या, शेंगदाण्याची चटणी-भाकरी घ्या. रस्सा-बिस्सा रात्री. पाण्यात जायच्या आधी तिखट खाऊन निघालं की मग काठ शोधत बसायची वेळ येती.

निळासावळा

सगळ्यांचे आभार. अर्ज उद्याच टाकतो. दोन शंका. एक, त्याआधी सराव म्हणून पंचगंगेत राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कायक टाकली तर? घराजवळ पडतं आणि पाणी शांत दिसतं. दुसरी, होडी उलटलीच तर परत चढायचं कसं, ते नीट कुणी सांगेल का?

भोगावतीकाठ

बंधाऱ्याजवळ अजिबात नको. ‘पाणी शांत दिसतं’ हीच गोम आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्याची रचना आठवा. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत खाचा, खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे पूर्ण बसलेले असले तरी फटींतून पाणी जोरात निसटत असतं, आणि वरच्या बाजूला त्या फटींच्या दिशेनं ओढ असते. एखादा बरगा काढलेला असेल, आणि आवर्तनासाठी, म्हणजे ठरलेल्या पाळीनं पाणी सोडायला, मध्येच काढतातही, तर त्या गाळ्यात सगळं पाणी खालच्या अंगानं खेचलं जातं. होडी आडवी खांबाला टेकली की पाण्याचा दाब तिला तिथं दाबून धरतो, माणूस खाली. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर खाली गोल फिरणारी लाट तयार होते, जी तरंगणाऱ्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढते. लाईफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सहज सुटत नाही.

पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. बाकीचे आठ महिने कुणी बंधाऱ्याकडं बघत नाही, आणि बंधारे तेव्हाही बंधारेच असतात. शिवाय शहराखालच्या पाण्याची अवस्था तुम्हाला माहीत आहे. केंदाळात (जलपर्णीत) वल्हं अडकलं की ओल्या वेलांचा भारा उचलल्यासारखं होतं.

सरावाला पोहण्याचा तलाव उत्तम. बऱ्याच ठिकाणी सकाळच्या बॅचनंतर विचारलं तर अर्धा तास देतात, होडी धुऊन न्या. नाहीतर गावाकडचा पाझर तलाव, छातीइतक्या पाण्यात, काठाला दोर बांधून.

वल्हेकरी

परत चढणं. हे काठावर वाचून येत नाही, छातीभर पाण्यात किमान पाच वेळा करा, जॅकेट घालून, दोघांनीही.

उलटल्या उलटल्या होडी सोडायची नाही. एक हात होडीवर, दुसऱ्यानं वल्हं. वल्ह्याला दीड-दोन मीटरची दोरी लावून होडीला बांधलेली असेल तर एक चिंता कमी. पण दोरी लांब ठेवू नका, पायात गुंतते. आधी मुलीला हाक मारा, ती जॅकेटवर तरंगतेय हे बघा, तिचा हात होडीच्या पट्ट्यावर ठेवा.

होडी सुलटी करायला मधोमध या, पोट तळावर टाकून पलीकडची कड किंवा पट्टा पकडा आणि पूर्ण वजन मागं टाका. हवेची होडी हलकी असते, अंगावर येते, म्हणून तोंड वळवून घ्या. पाणी भरलेलं असेल तर तळाची निचऱ्याची भोकं उघडा. तुमच्या होडीला ती आहेत का ते घरीच बघून ठेवा.

मग एकानं पलीकडच्या बाजूनं होडी धरायची. दुसऱ्यानं मधून चढायचं, पुढून किंवा मागून नव्हे. आधी पाय मागं पाण्याच्या पातळीवर आडवे आणा आणि जोरात झाडा. पाय खाली लोंबत असतील तर ते होडीखाली जातात आणि तुम्ही उभेच राहता. न जमण्याचं कारण दर वेळी हेच असतं, हातातली ताकद नव्हे. पाय झाडता झाडता छाती होडीवर सरकवा, पोट आत आलं की थांबा, श्वास घ्या, मग कूस बदलून पाठीवर या आणि शेवटी पाय आत. बसायची घाई केली की पुन्हा उलटते.

मुलगी सोबत असेल तर तिला पहिलं. मागून जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर रेटा, तिनं पोटावर पडून राहायचं, हलायचं नाही. मग तुम्ही, पलीकडच्या बाजूला तिला थोडं झुकायला सांगून.

तीन प्रयत्नांत जमलं नाही तर सोडून द्या. दम संपवू नका. होडीला धरून, पाय झाडत जवळच्या काठाकडं निघा, आणि शिट्टी वाजवा, तीन-तीनच्या गटात. होडी सोडून पोहत निघायचं नाही. काठ दिसतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्याला होडी दिसते, डोकं दिसत नाही. कोरडे कपडे काठावरच्या बॅगेत ठेवा, होडीतल्या नको. मोबाईल पाणीबंद पाकिटात, आणि पाकीट अंगाला. आतल्या भागात रेंज जाते-येते, म्हणून काठावरच्या माणसाला परतायची वेळ ठरवून सांगा आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी त्यानं कुणाला कळवायचं तेही.

तांबट

वडिलांचं राहिलंच. त्यांना घडीची खुर्ची द्या, पाठ पूर्वेला करून, म्हणजे सकाळी सूर्य मागून येतो आणि समोरच्या पाण्यावर चकाकी पडत नाही. सावली पाण्याकडं पडेल एवढं मागं, झाडाच्या बुंध्याला लागून. सुक्या पाचोळ्यात थेट बसू देऊ नका, गोचीड असतात. विजारीचे पाय मोज्यात खोचलेले बरे. दुर्बिणीचा हात थकतो, म्हणून एक हलकी काठी किंवा मोनोपॉड, त्यावर दुर्बीण टेकवून धरता येते. वही-पेन्सिल द्या आणि ओढ्याच्या तोंडाकडं तोंड करून बसवा. तुम्ही होडीतून जेवढं बघाल त्याच्यापेक्षा त्यांची यादी लांब झाली तर नवल मानू नका. त्यांची खुर्ची हलत नाही.

निळासावळा

यादीवर आत्ताच पैज लागली आहे. अर्जाचं काय होतं ते इथंच लिहीन. पंप आणि साबणाचं पाणी घेऊन आज रात्री हॉलमध्ये होडी भरतोय, सोफा बाहेर काढावा लागला.